आईला अंगकोर दाखवायचंय : बाईंना विचारा

मागच्या अंकात मी कंबोडियातल्या अंगकोरच्या प्राचीन देवळांचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर या महिन्याच्या टपालात तीन पत्रं आली. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे. ते कापू नये, अशी मी संपादकांना विनंती केली.

प्रश्न : बाई, साष्टांग नमस्कार. मी तुमचा जुना विद्यार्थी. इथे खानापुरात कौलं-विटांचा आमचा धंदा आहे. आई ७१ वर्षांची, वारकरी, पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. दोन्ही गुडघे दुखतात. देवळातल्या पोथीत समुद्रमंथन, कुरुक्षेत्र ऐकत मोठी झाली. तुम्ही लिहिलेलं वाचून दाखवलं तेव्हापासून म्हणते, ‘तेवढं मला दाखव.’ एका एजंटाने बँकॉकच्या सहलीला जोडून ‘एक दिवस अंगकोर’ असं पॅकेज दिलंय. घेऊ का? तिला झेपेल का? जेवणाचं काय? आणि ती विचारते, तिथे देवाला फूल वाहता येतं का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : बाळ, ते पॅकेज घेऊ नकोस. बाकीचं सगळं नंतर वाच, पण एजंटाला नकार आजच कळव.

मी हे अनुभवाने सांगते. दोन वर्षांपूर्वी संक्रांत करून मी आणि माझ्या थोरल्या वन्सं गेलो होतो. वन्सं तेव्हा ६९ च्या, उजवा गुडघा कामातून गेलेला. आम्हीही एका कंपनीची सहल घेतली होती. पहिल्या दिवशी पहाटे साडेचारला उठवलं, तळ्याच्या काठावर शेकडो माणसांत उभं केलं, सूर्योदय झाल्यावर आत नेलं. ज्या भिंतीवर सगळं कुरुक्षेत्र कोरलंय तिथे आम्हाला सात मिनिटं मिळाली. मी घड्याळ पाहिलं होतं. नंतर रेशमाच्या दुकानात मात्र सव्वा तास. वन्संनी भीष्म शोधून काढला होता आणि त्या माझा हात धरून ‘थांब गं, थांब’ म्हणत होत्या. पुढून सहलीचा मुलगा झेंडा हलवून बोलावत होता. त्या रात्री मी उरलेली सहल रद्द केली. पैसे परत मिळाले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आम्ही स्वतः टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, ठरवली आणि तिथून आमचं अंगकोर सुरू झालं.

म्हणून तीन दिवसांचं तिकीट काढ. मंदिरांच्या आवाराचं तिकीट एकच असतं आणि ते फक्त सरकारी तिकीटघरात किंवा त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर घ्यायचं. मी गेले तेव्हा एका दिवसाचे ३७ डॉलर, तीन दिवसांचे ६२ आणि सात दिवसांचे ७२ होते. तिकिटावर आपला फोटो छापतात आणि प्रत्येक देवळाच्या दाराशी तो तपासतात, तेव्हा ते सांभाळून ठेव. तुझ्या कामाची गोष्ट ही, की तीन दिवसांचं तिकीट दहा दिवसांत कुठलेही तीन दिवस चालतं. म्हणजे एक दिवस पाहायचं, एक दिवस आईचे पाय शेकायचे. वन्संना तो मधला दिवस मिळाला नसता तर त्या तिसऱ्या दिवशी उठल्या नसत्या.

राहायचं सियाम रीप शहरात. तिथून अंगकोर वाट, म्हणजे त्यातलं सगळ्यात मोठं देऊळ, सहा-सात किलोमीटरवर आहे. पण नवा विमानतळ २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालाय आणि तो शहरापासून जवळजवळ ५० किलोमीटर लांब आहे. जुना मंदिरांना अगदी खेटून होता. रात्री उशिराचं विमान घेऊ नकोस आणि हॉटेलवाल्यालाच गाडी पाठवायला सांग. आपल्याकडून जाताना सांबऱ्याच्या विमानतळावरून बेंगळूर किंवा मुंबई गाठायची, नाहीतर चोर्ला घाटातून गोव्याला उतरायचं. पुढे बहुतेक वेळा बँकॉक, क्वालालंपूर, सिंगापूर किंवा व्हिएतनाममार्गे विमान बदलावं लागतं. बँकॉकला दोन विमानतळ आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन म्युआंग. दोन्ही विमानं एकाच ठिकाणची आहेत ना, हे तिकीट काढण्याआधी बघ. म्हाताऱ्या माणसाला सामानासकट शहर ओलांडायला लावणं म्हणजे छळ आहे. चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेव. त्यात लाज कसली!

थायलंडमधून बसने सीमा ओलांडायचा बेत एजंट सुचवेल, स्वस्त पडतो म्हणून. ऐकू नकोस. २०२५ मध्ये त्या दोन देशांत सीमेवर तोफा चालल्या, माणसं मेली, नाके बंद झाले. डोंगरावरच्या प्रेह विहार देवळाचा वाद तर फार जुना. १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ते देऊळ कंबोडियाचं ठरवलं, तरी आजूबाजूच्या जमिनीची धग गेली नाही. नकाशावरच्या एका रेघेने माणसांच्या पिढ्या कशा ताणल्या जातात, हे आपल्या सीमाभागात वाढलेल्या तुला मी काय सांगू? ‘सियाम रीप’ या नावाचा अर्थसुद्धा ‘सियामचा पराभव’ असा सांगतात.

आता आईच्या गुडघ्यांकडे येते. तुझ्या पत्रातला खरा प्रश्न तोच आहे.

अंगकोर वाट तीन टप्प्यांत चढत जातं. सगळ्यात वरचा टप्पा, बाकान, फार उभा आहे. तिथे आईला नेऊ नकोस. मी चढले, दोन्ही हातांनी कठडा धरून. वर गार वारा होता, चारी दिशांना झाडी दिसत होती, समाधान वाटलं. पण वन्संना खाली बसावं लागलं म्हणून त्यांचं काही राहिलं असं मला वाटत नाही. कारण आईला जे पाहायचंय ते सगळ्यात खालच्या ओवरीत आहे. देवळाभोवती चारी बाजूंनी लांबच लांब ओवरी, आतल्या भिंतीवर एकसलग कोरीवकाम, डोक्यावर सावली. तिथवर जायला पायऱ्या आहेत, पण काही ठिकाणी दगडावर लाकडी जिने बसवलेत. आईला सावकाश चढव आणि हात सोडू नकोस. दगड झिजून गुळगुळीत झालेत.

त्या ओवरीला दोन वेळा दे. पश्चिमेची बाजू दुपारनंतर, म्हणजे ऊन भिंतीकडे कलतं आणि आकृत्या उठून दिसतात. पश्चिम दारातून आत आलं की उजव्या हाताला कुरुक्षेत्र आहे. डावीकडून कौरव येतात, उजवीकडून पांडव, आणि मध्ये नुसती गर्दी, घोडे, हत्ती, तुटलेली चाकं. शरपंजरी भीष्म वरच्या अंगाला शोध. अर्जुनाच्या रथावर चार हातांचा सारथी दिसला की आईला काही सांगावं लागणार नाही. दाराच्या डाव्या हाताला लंकेचं युद्ध. राम हनुमंताच्या खांद्यावर उभा आहे, जवळ लक्ष्मण आणि बिभीषण. समोर दहा तोंडांचा, वीस हातांचा रावण.

समुद्रमंथन पूर्वेच्या ओवरीत आहे. ते सकाळी पाहा. सूर्योदयाच्या वेळी सगळी माणसं पश्चिमेच्या तळ्याशी असतात, पूर्वेला शुकशुकाट. टुकटुकवाल्याला पूर्वेच्या दाराशी सोडायला सांग. त्या बाजूला खंदकावर मातीचा बांध आहे. थोडं चालावं लागतं, पण जमीन सपाट आणि वर झाडी. मंथनाची भिंत जवळजवळ ४९ मीटर लांब आहे. वासुकीच्या तोंडाकडे ९२ असुर, शेपटीकडे ८८ देव, मध्ये विष्णू आणि खाली कूर्म. देवांच्या बाजूला शेवटी, शेपूट धरून, एक वानर उभा आहे. वन्सं म्हणाल्या, ‘मारुती इथं कसा? तेव्हा जन्मला तरी होता का?’ मला उत्तर देता आलं नाही. तिथल्या लोकांनी कथा आपल्या हाताने पुन्हा घडवली, एवढंच मी म्हणाले. त्या भिंतीसमोर आम्ही पाऊण तास होतो. तेवढ्या वेळात दोघं-तिघं आले नि गेले.

एक गोष्ट आईला आधी सांगून ठेव. ही ओवरी उलट्या दिशेने वाचायची असते. कुरुक्षेत्र, मग दक्षिणेला सूर्यवर्मन राजाची सेना, मग यम आणि चित्रगुप्ताचा न्याय, मग पूर्वेला मंथन. असं चालताना देव सतत डाव्या हाताला राहतो. वन्संच्या हे लक्षात आलं आणि त्या जागच्या जागी थांबल्या. ‘मी उलटी प्रदक्षिणा घालणार नाही,’ म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं, की देऊळ विष्णूचं असूनही त्याचं तोंड पश्चिमेला आहे, कोरीवकामही या दिशेने चालतं, म्हणून बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मनाने ते आपल्या मरणोत्तर मंदिरासाठी बांधलं असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. वन्सं थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे अपसव्य.’ श्राद्धाला जानवं उजव्या खांद्यावर घेतात ते अपसव्य. त्यांचे यजमान जाऊन तेव्हा वर्ष व्हायचं होतं. पुढची सगळी ओवरी त्या त्याच दिशेने चालल्या, यमाच्या भिंतीपाशी हात जोडून थांबल्या, आणि मी त्यांच्या मागे मागे राहिले. पंचवीस वर्षं मी वर्गात अंगकोर वाटचं चित्र दाखवलं होतं. ते देऊळ कशासाठी आहे, ते मला त्या दिवशी कळलं.

फूल वाहता येतं का? येतं. आता तिथे थेरवाद बौद्ध धर्म आहे आणि देवळांत बुद्धमूर्ती आहेत, त्यांच्यापुढे उदबत्त्या लागतात. पण पश्चिमेच्या गोपुरात आठ हातांची एक उंच मूर्ती आहे, भगवं वस्त्र नेसवलेली. मुळात विष्णूची, आणि गावातले लोक ‘ता रीच’ म्हणून तिला आजही नवस बोलतात. आईने तिथे कमळ ठेवावं, उदबत्ती लावावी, कोणी अडवणार नाही. मात्र कोरीवकामाला हात लावून नमस्कार करायची आपली सवय तिथे आवरायची, कुंकू-पाणी तर नाहीच. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आईच्या नऊवारीला कोणी काही म्हणणार नाही, तुझ्या अर्ध्या चड्डीला म्हणतील. भिक्षू समोर आले तर बायकांनी त्यांना स्पर्श करायचा नसतो, वस्तू देतानासुद्धा.

दुसरा दिवस बांतेय स्रेईला दे. शहरापासून ३५ किलोमीटरच्या वर आहे, पण आईसाठी त्याच्यासारखं देऊळ नाही. छोटं, बैठं, सगळं जमिनीलगत आणि गुलाबी दगडाचं. शके ८८९, म्हणजे इसवी सन ९६७ चं. राजाने नव्हे, यज्ञवराह नावाच्या विद्वान ब्राह्मणाने बांधवलं. दगडात कोरलंय की चंदनात, असा प्रश्न पडावा इतकं बारीक काम. एका दारावरच्या शिल्पात रावण कैलास हलवतोय, वर पार्वती घाबरून शंकराला बिलगलीय. आई गोकर्णाला गेली असेलच, तिला रावणाची ओळख करून द्यायला नको. वाली-सुग्रीव आहेत, कंसाला मारणारा कृष्ण आहे, नरसिंह आहे. सकाळी लवकर पोहोच, नऊनंतर बसगाड्या येतात. वाटेत प्रेह दाक गावात रस्त्याकडेला चुलींवर कढया दिसतील. ताडाचा रस आटवून गूळ करतात. वास थेट आपल्या गुऱ्हाळाचा. वन्संनी तिथे टुकटुक थांबवली आणि कढईत ढवळणाऱ्या बाईशी मराठीत बोलल्या, ती तिच्या ख्मेर भाषेत बोलली. पाव किलो गूळ घेतला आणि दोघींनी हसत निरोप घेतला.

तिसऱ्या दिवशी बायोन आणि ता प्रोम. बायोनचे मोठाले दगडी चेहरे खालून पाहिले तरी पुरेत. ता प्रोम म्हणजे झाडांनी वेढलेलं देऊळ, भिंतींवर वड-उंबरासारखी मुळं उतरलेली. आत लाकडी वाट केलीय. त्याची डागडुजी आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने वर्षानुवर्षं केली आहे, आणि अंगकोर वाटचंही काम १९८६ ते १९९३ या अवघड काळात आपल्याच लोकांनी केलं. मला त्याचा अभिमान आहे. ता प्रोम सातव्या जयवर्मनाने आईसाठी उभारलं. ११८६ च्या त्याच्या संस्कृत शिलालेखात ६१५ नर्तिकांचा हिशेब आहे आणि राज्यातल्या १०२ आरोग्यशाळांचाही. ‘आरोग्यशाला’ हाच शब्द आहे त्यात.

आणि आता तुझं गृहपाठाचं काम. जाण्याआधी आईला घेऊन हलशीला जाऊन ये. खानापूरचा माणूस हलशी न पाहता अंगकोर पाहायला निघाला, हे मला चालणार नाही. तिथल्या नरसिंहाच्या देवळातला भूवराह कदंब राजा तिसऱ्या विजयादित्याने ११८६-८७ मध्ये स्थापला. ता प्रोमच्या शिलालेखाचंही तेच साल. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, ते जैन मंदिर, १२०४ ची, तेव्हा तिकडे जयवर्मन राज्य करत होता. आईला हलशीच्या वराहापुढे बसव, मग तिकडचा विष्णू तिला परका वाटणार नाही.

तुझ्या धंद्याच्या नजरेने एक पाहून ये. अंगकोरच्या देवळांना वरून वालुकाश्म आहे, पण आत, भिंतींच्या पोटात आणि आवारांच्या कुसांना जांभा आहे. आपल्या खानापूरच्या घरांच्या जोत्याला असतो तसाच तांबडा, भोकाभोकांचा. वालुकाश्म कुलेन डोंगराच्या पायथ्याहून, पाण्याच्या वाटेने आणला. आणि एवढं ओझं उभं आहे ते वाळूवर. खंदकातलं पाणी जमिनीतली ओल टिकवतं, ओल वाळूला घट्ट धरते. खंदक १९० मीटर रुंद आहे. पाणी आटलं तर देऊळ हलेल. वीटभट्टीवाल्याला ओल आणि वाळूचं नातं मी शिकवायला नको.

जेवणाचं. तिथल्या भाजीतही माशाचं पाणी घालतात, मासे आंबवून केलेलं ‘प्राहोक’ घालतात. नुसतं ‘व्हेज’ म्हटलं की मांस काढतात, माशाचं पाणी राहतंच. आम्ही हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीकडून त्यांच्या भाषेत चिठ्ठी लिहून घेतली : मांस नाही, मासा नाही, माशाचं पाणी नाही, अंडं नाही. ती चिठ्ठी पाच दिवस माझ्या पदराला बांधल्यासारखी होती. शहरात भारतीय जेवण मिळतं. तरीही कडक भाकरी आणि शेंगाचटणी घरून ने, पंधरा दिवस काही होत नाही. एकादशीला केळी, शहाळं, पपई भरपूर. आम्ही आपल्या बेळगावच्या मिठाईचा, कुंद्याचा, एक डबाही नेला होता. तो शेवटच्या दिवशी टुकटुकवाल्याला दिला. पन्नाशीचा माणूस. १९७५ ते ७९ या, पोल पॉटच्या ख्मेर रूज राजवटीच्या काळात त्याच्या घरातली चार माणसं गेली होती, हे त्याने आम्हाला तिसऱ्या दिवशी सांगितलं, आधी नाही. देवळांच्या वाटेवर सुरुंगाने पाय गेलेली माणसं वाद्यं वाजवत बसतात. आईच्या हातात सुटे रिएल, म्हणजे तिथले पैसे, ठेव, तिला द्यावंसं वाटेल.

मार्गशीर्ष ते माघ हाच काळ. चैत्र-वैशाखात आपल्याकडचा माणूस तिथे टिकत नाही. बेळगावच्या हवेला सोकावलेलो आपण. पावसाळ्यात गर्दी कमी असते, पण ओल्या दगडावर त्या गुडघ्यांनी नको. दुपारी अकरा ते तीन खोलीवर परत ये, रोज. डॉलरच्या नोटा कोऱ्या ने, जराशी फाटलेली नोटही घेत नाहीत. व्हिसा ऑनलाइन निघतो, अर्ज सरकारी संकेतस्थळावरच कर, तशीच दिसणारी दलालांची संकेतस्थळं बरीच आहेत. निघण्याआधी आगमनाचा ऑनलाइन फॉर्मही भर.

प्रश्न : बाई, आम्ही निपाणीच्या तिघी मैत्रिणी, पहिल्यांदाच परदेशी निघालोय. बायकांना एकट्याने सुरक्षित आहे का? आणि तळ्यातलं तरंगतं गाव पाहावं का?

उत्तर : जा, नक्की जा. आम्ही दोघी म्हाताऱ्या रात्री नवाला बाजारातून चालत आलो, कोणी वाकडं पाहिलं नाही. मोबाइलवर ग्रॅब किंवा पासॲप घ्या, त्यावर टुकटुकचा भाव आधीच दिसतो. दिवसभराची टुकटुक मात्र तोंडी ठरवा, कुठली देवळं ते नावानिशी सांगून. तुमच्या पायांत बळ आहे, सायकलीही भाड्याने मिळतात, रस्ते सपाट आहेत. चालत्या वाहनात पर्स रस्त्याच्या बाजूच्या खांद्यावर लावू नका.

तोन्ले साप तळं पाहण्यासारखं आहे, आणि ते का, हे समजून पाहा. पावसाळ्यात मेकाँगला पूर येतो, तिचं पाणी उलटं वर सरकून या तळ्यात शिरतं. उन्हाळ्यात सुमारे २,५०० चौरस किलोमीटर असलेलं तळं पावसात १५,००० च्या घरात जातं. मग प्रवाह पुन्हा फिरतो. तो फिरला की कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास त्यांचा पाण्याचा सण, होड्यांच्या शर्यती. आपण त्याच पौर्णिमेला त्रिपुर लावतो.

कांपोंग फ्लुकला जा, उंच खांबांवरची घरं आहेत. होडीत कोणी ‘अनाथ मुलांसाठी तांदळाचं पोतं घ्या’ म्हणून गळ घातली तर घेऊ नका. आमच्याकडून एका होडीवाल्याने असं पोतं घेववलं, आणि परतताना तेच पोतं दुकानात पुन्हा ठेवलेलं आम्ही पाहिलं. मुलांना पैसे हातात देऊ नका, त्यामुळे त्यांची शाळा सुटते. मदत करायचीच असेल तर तुमच्या तिकिटातले दोन डॉलर तिथल्या मुलांच्या कांथा बोफा रुग्णालयांना जातात, हे लक्षात असू द्या.

प्रश्न : अंगकोरच्या शिलालेखांची लिपी कन्नडसारखी दिसते असं ऐकतो. मी निवृत्त कारकून, मराठी-कन्नड दोन्ही वाचतो. मला तिथे काही वाचता येईल का?
— टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : सरळ वाचता येणार नाही, पण ओळखीचं बरंच भेटेल. त्यांची लिपी पल्लवांच्या लिपीतून आली, आपली कन्नड कदंबांच्या लिपीतून. दोन्ही दक्षिणेकडच्या ब्राह्मीच्या लेकी, म्हणून ते गोलवा सारखे वाटतात. शिलालेख पाहायचे तर शहराच्या पूर्वेला रोलुओसच्या देवळांत जा. प्रेह को आणि लोलेई ही नवव्या शतकातली देवळं, दाराच्या चौकटींवर ओळीच्या ओळी कोरलेल्या आहेत. इतकी नेटकी अक्षरं, की आमच्या वेळचे सुलेखनाचे गुरुजी असते तर पूर्ण गुण दिले असते.

सालं शकात आहेत, आपल्या पंचांगासारखी. तुम्हाला आवडेल असं एक सांगते. शके ६०५, म्हणजे ६८३ मधल्या एका ख्मेर शिलालेखात शून्य टिंबाने लिहिलंय. शून्याच्या सगळ्यात जुन्या कोरीव नोंदींत तो मोडतो. तो दगड आता राजधानीत, नोम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

कान उघडे ठेवा. शिक्षकाला ते ‘क्रू’ म्हणतात, म्हणजे आपला गुरू. शाळा ‘साला’, चेहरा ‘मुख’, आणि गाव ‘फूम’, म्हणजे भूमी. अंगकोर हासुद्धा ‘नगर’ शब्दाचाच घासून झालेला आकार. माझा जन्म शिकवण्यात गेला, त्यामुळे पहिल्या सकाळी शाळेच्या फाटकातून ‘क्रू, क्रू’ अशी हाक ऐकू आली तेव्हा मी मागे वळून पाहिलं.

आकडे तर तुम्ही खरंच वाचाल. दोन आणि तीन कन्नडच्या फार जवळचे आहेत. आमच्या वन्सं गोकाकला कन्नड शाळेत शिकलेल्या. अंगकोर वाटच्या बाहेर कमळं विकणाऱ्या मुलीच्या टोपलीला पुठ्ठ्याचा तुकडा लावला होता. वन्संनी चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘एरडु साविर.’ दोन हजार रिएल. मुलीने मान डोलावली. आम्ही तीन जुड्या घेतल्या.